सगुणाबाईंची दाराजवळची जागा

पाटणबोरी मागे पडली आणि एस.टी. पैनगंगेच्या पुलावर चढली. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. शेजारच्या तरुणाला खिडकीतून नदीचा फोटो काढायचा होता, म्हणून मी मान मागे घेतली. खरं तर मला ते निमित्त बरंच झालं. ती नदी मला पाहायची नव्हती, तरी दिसलीच. हिवाळा असूनही पाणी फार नव्हतं. मधे वाळूचे पट्टे उघडे पडले होते आणि एक बाई लुगडं पोटऱ्यांवर धरून निवांत नदी ओलांडत होती. पायी. हिवाळ्यात हे, तर चैत्रात किती पाणी असेल याचा वाचकांनीच अंदाज करावा. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचं काम आहे.

मी निवृत्त पाळक आहे. वय ऐंशीच्या घरात. यवतमाळला मुलाकडे राहतो. मंडळीत जाणाऱ्या पुष्कळ वाचकांनी माझं नम्रतेवरचं प्रवचन ऐकलं असेल. शिबिरांत, मेळाव्यांत, लोकांच्या आग्रहावरून मी ते अनेकदा केलं. अलीकडे कुणीतरी ते मोबाइलवर फिरवलं, त्यामुळे ज्यांनी मला पाहिलं नाही त्यांनीही ऐकलं. त्यात तेलंगणातल्या बेला भागातल्या एका बायबलबाईची (घरोघरी जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या सेविकेची) गोष्ट आहे. तिच्या हातून चूक होते. मंडळी तिला शिस्तीखाली ठेवते. म्हणजे उपासनेच्या वेळी आत सतरंजीवर न बसता दाराजवळ, चपलांपाशी बसायचं आणि प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही. बाई एक शब्द न बोलता जाऊन बसते. पुढे वर्षं जातात, पाळक बदलतात, शिक्षा कुणाच्या लक्षातही राहत नाही, तरी बाई दाराजवळच. भाकरीचं ताट समोर आलं की ती मान हलवते, जणू मी योग्य नाही. आज्ञाधारकपणा आणि नम्रता, मी सांगायचो, हीच ख्रिस्ती माणसाच्या प्रौढपणाची खूण आहे, आणि ती पाहायची असेल तर पैनगंगेकाठच्या त्या दारात जाऊन पाहा. इथे आवाज थोडा खाली आणायचा, हे मला सवयीने कळलं होतं.

त्या गोष्टीतलं दार खरं आहे, चपला खऱ्या आहेत आणि बाई खरी आहे. बाकीचं मी रचलेलं आहे.

या प्रवासाच्या दोन महिने आधी त्या गावच्या मंडळीचे सेक्रेटरी विजय यांचा फोन आला. नवीन प्रार्थनामंदिर बांधून झालं होतं. "समर्पणाले तुमीच पायजे, साहेब. विषय नम्रता. आन् सगुनाबाई जिथं बसते ना, तिथं आमी दगड बसवला. नम्रतेचं आसन. पोरीबाळीइले शिकवन भेटली पायजे."

"सगुणाबाई आहेत अजून?" मी विचारलं.

"हायेत ना जी! दारातच बसतेत."

मी येतो म्हणालो. मुलाला वाटलं, सत्कार आहे. त्याने माझ्या पिशवीत नवी शाल घडी करून ठेवली.

आदिलाबादच्या बसस्टँडवर उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते, तरी थंडी हटली नव्हती. कानाला मफलर गुंडाळलेली माणसं चहाच्या गाडीभोवती उभी होती. पाट्या तेलुगूत, त्या मला वाचता येत नाहीत. तिथे नोकरी केली त्या काळातही शिकलो नाही, कारण आमची सगळी मंडळी मराठी बोलायची. बेल्याची बस कोणती हे तीन जणांना तीन भाषांत विचारून मी आत चढलो.

तेलंगणात सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही. आधार दाखवायचं आणि बसायचं. बस बायकांनी भरली होती. कंडक्टरही बाईच.

"ताता (आजोबा), टिकेट!"

मी नोट काढली. शेजारी कापसाच्या वेचणीला निघालेली एक म्हातारी बसली होती. मांडीवर भाकरीचं फडकं, अंगावर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना शर्ट. तिने आपलं आधार कार्ड कंडक्टरच्या नाकासमोर नाचवलं आणि माझ्याकडे वळली.

"आमी फुकट, तुमी पैसे. कसं वाटून राह्यलं, बावाजी?"

"बरंच आहे," मी म्हणालो.

"बरं कायचं! तोंड त पाहा, एरंडेल पेल्यावानी झालं." मागच्या बाकावरच्या बाया हसल्या. कंडक्टरला मराठी समजत असावं, तीही हसली. "कुठं चालले?"

मी गावाचं नाव सांगितलं. मंदिराच्या समर्पणाला.

"आमच्या गावाच्या बाजूले हाय थे. तुमच्यातली थे दारात बसनारी म्हातारी हाय ना तिथं?"

माझ्या शेजारची ही म्हातारी बौद्ध होती. आमच्या मंडळीचा आणि तिचा संबंध नव्हता. तरी तिला माहीत होतं. "काऊन बसते ओ थे दारात? काय पाप केलं तिनं?"

मी म्हणालो, "तिनं नाही केलं."

"मंग कोनं?"

जैनथ आलं, गर्दी उसळली आणि तिची माझ्यावरची नजर सुटली. त्या प्रवासातली खरं सांगायची माझी पहिली संधी मी अशी घालवली, एका अनोळखी बाईसमोर, जिथे मला गमवायचं काहीच नव्हतं.

जैनथच्या पुढे काळी जमीन दोन्ही बाजूंना पसरते. कापूस फुटून पांढरा झालेला, तुरीला शेंगा, आणि रस्त्यावर कापसाने इतक्या फुगलेल्या गाड्या की बैल दिसतात, गाडीवान दिसत नाही. बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकत होते. हा मुलूख मी सायकलने फिरलो आहे. नदीच्या दोन्ही काठची गावं माझ्याकडे होती, तेव्हा हे आंध्र होतं. मला इथला प्रत्येक उतार आठवत होता, आणि मी किती चांगला तरुण पाळक होतो हेही आठवत होतं, हे लिहिताना शरम वाटते. माणूस गुन्ह्याच्या जागी परत जातो तेव्हाही आधी स्वतःचं कौतुक आठवतो.

बेल्याला विजय मोटारसायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचे, शाळेत क्लार्क, अंगाने गोल आणि स्वभावाने मऊ. "सलाम, पाळकसाहेब!" म्हणत पाया पडायला वाकले. मी मागे सरकलो आणि त्या गडबडीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी तारेचा तुकडा शोधून तो बांधला. नाल्याच्या उतारावर गाडी वाळूत घसरली, मी पाय टेकवला, आणि तारेसकट चप्पल पाण्यात गेली. विजय गुडघाभर पाण्यात उतरून शोधायला लागले.

"जाऊ द्या हो," मी म्हणालो.

"असं कसं, साहेब? तुमी काय अनवानी येसान गावात?"

शेवटी त्यांनी स्वतःच्या रबरी चपला माझ्या पायात घातल्या आणि आपण अनवाणी गाडी चालवली. या माणसाच्या जागी मी असतो तर केलं असतं का, असा विचार करत मी मागे बसलो होतो. उत्तर माहीत होतं.

घरी त्यांच्या पत्नीने जेवण तयार ठेवलं होतं. ज्वारीची भाकर, पुंटीकूर (अंबाडीची भाजी, तिकडे ती डाळ घालून आंबट-तिखट करतात), भात आणि पच्ची पुलुसू (न शिजवलेलं चिंचेचं सार). वाढायला त्यांची मुलगी रिबेका होती. आदिलाबादला नर्सिंग शिकते. तिने माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

"आजोबा, थे सगुनाआजीची गोष्ट तुमचीच ना?"

"माझीच."

"मस्त हाय. माह्याच कामी आली."

"रिबेका!" आईने आवाज चढवला.

विजय घास हातात धरून म्हणाले, "काही नाही साहेब. मागं मिटिंगमधी हिनं इचारलं, पोरीनं उपासना काऊन चालवू नये म्हनून. वडील मंडळीइले लागलं थे. मंग नव्या मंदिरात दोन रविवार आसनावर बसवलं. शिक्षा नाही ती, शिकवन."

"दगड थंड लागते, आजोबा," रिबेका म्हणाली. "बाकी शिकवन चांगली हाय. भाकर वाढू?"

मी ताटावर हात आडवा धरला. तोवर मी समजत होतो की माझं खोटं जुनं झालं आहे, त्याचा त्रास एका म्हातारीला आणि मला, एवढाच उरला आहे. ते जिवंत होतं. या घरात जेवत होतं.

मी तरुण पाळक असताना जे झालं ते आता सांगतो.

नदीच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या काठावर गिरजाबाई नावाची माझ्याच मंडळीतली एक म्हातारी राहत होती. शेतावर राबून झिजलेली. चैत्राच्या एका दुपारी सगुणाबाई तिच्याकडून धावत आल्या. मी जोसेफराव नावाच्या मंडळीच्या वडिलांकडे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळातल्या सभासदाकडे, वयाने तेही तेव्हा तरुणच) जेवायला होतो. मटण झालं होतं. मी आणि जोसेफराव ओसरीवर आडवे झालो होतो. सगुणाबाई अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, गिरजाबाई जाते आहे, प्रभुभोजनाची भाकर मागते आहे, चला. मी म्हणालो, "ऊन उतरू द्या, मग पाहू."

नदी घोट्यापर्यंत होती. मला झोप आली होती. एवढंच कारण.

सगुणाबाई परत गेल्या. गिरजाबाईच्या घरातल्या शिळ्या भाकरीचा तुकडा मोडला, गुळाचं पाणी केलं, प्रार्थना म्हटली आणि तिला दिलं. ऊन उतरायच्या आत गिरजाबाई गेली. पाळकपदाची दीक्षा न झालेल्या बाईने प्रभुभोजन दिलं, ही बातमी दोन्ही काठांवर पसरली. पंचमंडळ बसलं. मला विचारलं गेलं, पाळकांना निरोप मिळाला होता का? मी म्हणालो, मला निरोपच मिळाला नाही. जोसेफरावांनी सतरंजीकडे पाहिलं. सगुणाबाई उभ्या राहून म्हणाल्या, "मी सोता सांगतलं यायले." तेव्हा मी त्यांना शांतपणे, अगदी मायेने सांगितलं की बाई, वाद घालू नका, नम्र व्हा. आणि दाराजवळ बसवलं.

आमच्याकडे रिवाज असा होता की ज्या पाळकाने बसवलं त्यानेच हाताला धरून उठवायचं, आत आणायचं आणि स्वतःच्या हाताने भाकर द्यायची. "मी उठवीन तेव्हाच उठा," असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. पावसाळ्याआधी माझी बदली झाली. निरोपसमारंभात हार घातले, भाषणं झाली आणि मी गेलो. उठवायचं राहून गेलं.

काही वर्षांनी एका मेळाव्यात तिथले नवे पाळक भेटले. म्हणाले, "काय ती बाई! अजून दारातच बसते. तुमच्याच शिकवणुकीचं फळ." मला त्याच क्षणी कळलं काय झालं आहे. सांगायला मी तोंडही उघडलं होतं. पण आजूबाजूचे लोक माझ्याकडे इतक्या आदराने पाहत होते की तोंडातून दुसरंच निघालं. त्या संध्याकाळी मी ती गोष्ट पहिल्यांदा प्रवचनात सांगितली.

जेवण झाल्यावर मी रिबेकाला म्हणालो, मला सगुणाबाईंकडे ने. ती काही न विचारता पुढे चालू लागली.

गावाच्या टोकाला एक खोली, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. सगुणाबाई उन्हात बसून कापूस निवडत होत्या. पाला-काडी काढून बोंडं एका बाजूला टाकायची. माझ्याच वयाच्या, पण माझ्यापेक्षा ताठ. त्यांनी वर पाहिलं, ओळखलं आणि परत कापसात हात घातला.

"आले? बसा. पोरी, साहेबाले पोतं दे बसाले."

मी बसलो. वाटेत जुळवलेली वाक्यं होती, ती म्हणू लागलो. मी खोटं बोललो, निरोप मिळाला होता, मी झोपलो होतो...

"थे मले काऊन सांगता?" त्या म्हणाल्या. "मले ठावं हाय. मीच उभी होती ना अंगनात."

"मला क्षमा करा."

"माफी त कवाचीच देल्ली. माफी नाही देल्ली त आपलीच प्रार्थना अटकते. राग नाही गेला. थे येगळं." एक काडी काढून त्यांनी दूर फेकली. "तुमी सांगत फिरता ना, नम्र होती म्हनून बसली? हिच्या मोबाइलात आयकलं मी. नम्र-बिम्र काही नव्हती मी, पाळकसाहेब. तुमी म्हनले, मी उठवीन तवा उठा. मी म्हनलं, ठीक. पाहू कवा येते हा मानूस. रागानं बसली. दर रविवारी रागानं बसली."

"दुसऱ्या कुणा पाळकाला सांगायचं होतं."

"सांगतलं ना एकाले. तो म्हने, बाई, जुनं काऊन उकरता, नम्र राहा." त्या हसल्या. दात नव्हते. "तुमचं सगळ्याइचं एकच औषध हाय."

रिबेका खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला नाही, पाहवला नाही.

मी म्हणालो, "उद्या मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. पुलपिटावरून, प्रवचनाच्या जागेवरून."

"तिथूनच त खोटं सांगतलं. आता खरंबी तिथूनच?" त्यांचे हात थांबले. "दारातून सांगा. त्या दगडावर बसून. आन् दुसऱ्या कोनाचं नाव घेऊ नका. तुमचं तुमी सांगा. आन् रडू नका."

"रडू नको?"

"तुमी रडले का लोक तुमचेच डोये पुसतीन. मी पुन्हा दारातच."

मी हो म्हणालो. आयुष्यभर आज्ञाधारकपणा शिकवला, पण दुसऱ्याची आज्ञा ऐकून हो म्हणताना काय वाटतं ते मला त्या अंगणात पहिल्यांदा कळलं. अजिबात गोड वाटत नाही.

रविवारी नवीन मंदिर भरलं होतं. भिंतींना निळा रंग, पंख्यांना अजून प्लास्टिक, कोपऱ्यात मोठे स्पीकर. दाराच्या आत डाव्या हाताला काळा गुळगुळीत दगड सिमेंटमध्ये बसवला होता आणि वर भिंतीवर सगुणाबाईंचं नाव कोरलेली संगमरवरी पाटी होती. 'नम्र व आज्ञाधारक सेविका.' सगुणाबाई मात्र दगडावर नव्हत्या. शेजारी जमिनीवर, आपल्या जुन्या गोणपाटावर बसल्या होत्या.

जोसेफरावांना मी गर्दीतही ओळखलं. आता सगळे त्यांना जोसेफकाका म्हणतात. मंडलाच्या (तिकडच्या तालुक्याच्या) महसूल कचेरीतून निवृत्त होऊन मंडळीचे प्रमुख वडील झाले आहेत. त्यांनी माझा हात दाबला, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही.

तरुण पाळकाने माझं नाव घेतलं तेव्हा मी उठून दगडावर जाऊन बसलो. लोकांना वाटलं, पाय दुखत असतील. कुणीतरी माइक आणून दिला. विजयच्या रबरी चपला दारात काढल्या होत्या, त्या माझ्या गुडघ्याशेजारीच होत्या.

मी थोडक्यात सांगितलं. निरोप मिळाला होता. नदी घोट्यापर्यंत होती. मी झोपलो होतो. पंचमंडळासमोर खोटं बोललो. सगुणाबाईंना उठवायला विसरलो आणि कळल्यावरही उठवायला आलो नाही, कारण त्यांच्या दारात बसण्यावर माझं नाव झालं होतं. मी म्हणालो, ज्या दिवशी त्यांनी माझं ऐकलं नाही, भाकर मोडली, त्या दिवशी त्या देवाचं ऐकत होत्या. त्या दाराजवळ बसल्या तो फक्त माझा हुकूम होता. मी त्यालाही देवाची आज्ञा म्हणत आलो. आणि म्हणालो, या दगडावर कुणा मुलीला बसवू नका.

रडलो नाही. आवाज खाली आणला नाही.

कुणीतरी आता विचारेल, ओरडेल, असं मला वाटलं. तसं व्हावं अशी इच्छाही होती. तेवढ्यात जोसेफकाका उठले आणि माझ्या हातातून माइक घेतला.

"पाहा! पाहा मंडळी!" त्यांचा आवाज भरून आला होता. "येवढा मोठा देवाचा मानूस. आमच्यासाठी दारात बसला. सगळा दोष सोताच्या माथ्यावर घेतला. याले म्हनते नम्रता! सगुनाबाईपेक्षाबी मोठी!"

"आमेन!" कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या प्रवचनात जिथे लावायच्या, अगदी तिथेच.

मी म्हणालो, "तसं नाही, ऐका." पण माइक त्यांच्याकडे होता. आणि खरं सांगू? त्यांचा राग करायचा हक्क मला नव्हता. त्यांनी माझंच काम पुढे चालवलं होतं, माझ्यापेक्षा सफाईने.

तरुण पाळकाने प्रभुभोजनाची भाकर मोडली. ताट फिरण्याआधी त्याने माझ्याकडे पाहून खूण केली. रिवाजाप्रमाणे आता मी सगुणाबाईंना हाताला धरून आत न्यायचं होतं. मी उभा राहू लागलो, हात पुढे केला.

"हात राहू द्या," सगुणाबाई हळूच म्हणाल्या. मला आणि मागे उभ्या असलेल्या रिबेकाला ऐकू जाईल एवढंच. भिंतीला धरून त्या स्वतः उठल्या. मग माझ्या खांद्यावर बोट टेकवून मला परत खाली बसवलं. "तुमी बसा. मी उठवीन तवा उठा."

त्या सतरंजीवरून चालत पुढे गेल्या. लोक सरकून वाट देत होते. त्यांनी तरुण पाळकासमोर तळहात धरला. भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. दात नसल्यामुळे चघळायला वेळ लागला, आणि सगळी मंडळी त्यांची वाट पाहत थांबली. मग त्या तिथेच, पहिल्या रांगेत बसल्या. रिबेका त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

ताट फिरत फिरत दाराजवळ आलं. मी मान हलवली.

माझ्या मागे एक बाई दुसरीला म्हणाली, "पाह्यलं? किती नम्र हाय म्हातारा!"

निघताना सगुणाबाई भेटल्या नाहीत. त्यांना वेचणीच्या शेतावर डबा पोचवायचा होता म्हणे. रिबेकाने माझा फोन नंबर घेतला. विजय मला मोटारसायकलवरून बेल्याला सोडायला निघाले. नाल्याजवळ आल्यावर म्हणाले, "साहेब, तुमी जे बोलले थे खरंच होतं का?"

"अक्षरन् अक्षर."

"जोसेफकाका म्हनत होते, पाटीवर आता तुमचंबी नाव टाकू."

"टाकू नका. दगडच काढून टाका."

"निंघत नाही ना जी," ते कळवळून म्हणाले. "सिमेंटात बसवला."

शाल पिशवीतच राहिली होती. बेल्याच्या बसस्टँडवर ती मी विजयच्या खांद्यावर टाकली आणि त्यांच्या चपला परत केल्या. त्यांनी घेतल्या नाहीत. मी आदिलाबादला नव्या घेतल्या, आणि त्या रबरी चपला पिशवीत तशाच घरी आल्या.

परतीच्या पुलावर मी खिडकीला लागून बसलो आणि पैनगंगा पाहिली. पूल संपेपर्यंत पाहिली. पुरामुळे मला निरोप पोचला नाही, असं मी इतकी वर्षं कधी सांगितलं नव्हतं हे खरं. पण ऐकणाऱ्यांच्या मनात पूर आला तर तो मी येऊ दिला. म्हणून हे लिहीत आहे. गावाचं नाव गाळलं आहे आणि माणसांची नावं बदलली आहेत, कारण सगुणाबाईंची अट होती की माझं मी सांगावं. ज्यांच्याकडे माझं ते प्रवचन आहे त्यांनी ते पुसून टाकावं. एखाद्या मुलीला गप्प करायला ते कुणी वापरलं असेल तर तिला जाऊन सांगावं की ते खोटं होतं.

यवतमाळच्या आमच्या मंदिरात मी आता दाराजवळ बसतो. प्रभुभोजन घेत नाही. लोक जाता-येता माझ्या पाया पडतात. मी प्रत्येकाला सांगतो की ही नम्रता नाही, शिस्त आहे, आणि ते हसून मान डोलावतात. आमचे पाळक म्हणतात, साहेब, आतमध्ये या, मी तुम्हाला उठवतो. पण रिवाज मीच सांगितला होता. बसवणाऱ्यानेच उठवायचं. सगुणाबाईंच्या आधी मी गेलो तर बाहेरच गेलो, आणि माझ्या आधी त्या गेल्या तर मला उठवणारं कुणी उरणार नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. आदल्या दिवशी मी रिबेकाला फोन करतो. ती सुट्टीवर असली तर सगुणाबाईंच्या अंगणात जाऊन विचारते, साहेबांना उठवायचं का, नसली तर आईला पाठवते. फोन चालू असतो, कोंबड्या ऐकू येतात, मग कुणाची तरी लांबून आलेली चार शब्दांची कुरकुर.

"आजोबा," रिबेका म्हणते, "आजी म्हनते, बसू द्या."